२२६ चे २६२ : शिष्यवृत्ती तुकडीतल्या एका मुलीचं प्रकरण

नोव्हेंबर २०२३ मधला एक सोमवार. तिसरा तास संपत आला होता, तेवढ्यात शाळेतल्या मावशी वर्गाच्या दारात आल्या आणि त्यांनी मला खुणेनंच बाहेर बोलावलं. मुलींच्या स्वच्छतागृहातलं शेवटचं दार दोन तास आतून बंद होतं. मावशींनी हाका मारल्या की आतून "आहे मी" एवढंच उत्तर येत होतं. मी दाराजवळ जाऊन नाव घेतलं. जरा वेळानं आतून विचारणा झाली, "बाई, यादी लागली का?"

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवते. ही मुलगी आमच्या पाचवीच्या शिष्यवृत्ती तुकडीत होती. तिचे आईवडील आणि ती, तिघांशी बोलून, त्यांच्या संमतीनं हे लिहिते आहे. घर ओळखू येईल असे काही तपशील बदलले आहेत. गुण आणि क्रमांक मात्र माझ्या वहीतले, जसेच्या तसे आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यातच दडलेलं होतं.

तुकडी कशी तयार होते

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा मराठी घरांना नवी नाही. आमच्या पिढीनं ती चौथी-सातवीला दिली. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ ९० मिनिटं. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच वाचायचं, सोडवायचं आणि उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ बॉलपेननं रंगवायचं. चुकलं तर गुण वजा होत नाहीत, पण रंगवलेलं वर्तुळ खोडताही येत नाही. प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र' होतं. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते, आणि शाळेच्या फलकावर नाव लागतं तेही त्यांचंच.

आमच्याकडे पाचवीच्या चार तुकड्या आहेत. जुलैत निवडचाचणी होते आणि त्यातून ३२ मुलं वेगळी काढली जातात. शाळा भरायच्या आधी दीड तास जादा तास, रविवारी सकाळी पूर्ण सराव परीक्षा, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर. रविवारी संध्याकाळी गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पडायची, क्रमांकानुसार, वरून खाली. सोमवारी तीच यादी तिसऱ्या तासानंतर फलकावर लागायची. ती लिहायचे मी. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून ते काम माझ्याकडे होतं.

बरं, या मुलांची परीक्षा एवढी एकच नसते. तेव्हा जानेवारीत नवोदयची निवड परीक्षा असायची. जिल्ह्यात एक नवोदय, सहावीच्या जागा ८०. साताऱ्यात सैनिक स्कूल असल्यामुळे आमच्या भागात त्या प्रवेश परीक्षेचं वेड जरा जास्तच, आणि २०२१ पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळू लागल्यावर मुलींचे पालकही अर्ज भरू लागले. तीन परीक्षांचा साचा वेगळा, वेळ वेगळी, पुस्तकं वेगळी. मूल तेच, दहा वर्षांचं.

ती

वडील एसटीत वाहक, आई घरी शिवणकाम करते. एक धाकटा भाऊ, आणि आजी. चौथीपर्यंत ती आपल्या तुकडीत कायम पहिली. निवडचाचणीत तिसरी आली.

ऑगस्टमधली एक गोष्ट मला पक्की आठवते. बुद्धिमत्तेच्या तासाला आरशातल्या घड्याळाचा प्रश्न चालला होता. आरशात तीन वाजून दहा मिनिटं दिसत असतील तर खरे किती वाजले? सरांनी युक्ती सांगितली, ११:६० मधून वजा करा, उत्तर ८:५०, झालं. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. तिनं हात वर केला. "सर, आरशात सेकंदकाटा उलटा फिरतो. मग आरशातली वेळ मागं जायला पाहिजे ना? पण आपण बघतोय तवर तिकडंही शाळा सुटायची वेळ जवळच येती की."

सर वाईट नाहीत. बावीस वर्षं ते गणित शिकवतात, गरिबांच्या कितीतरी मुलांना त्यांनी यादीत आणलं आहे, स्वतःच्या पैशांनी पुस्तकं घेऊन दिली आहेत. पण त्या दिवशी अजून चाळीस प्रश्न व्हायचे होते. ते म्हणाले, "हे पेपरला येणार नाही. खाली बस." ती बसली. नंतर मी तिच्या आईला फाटकाशी गाठून म्हणाले, "ताई, फार हुशार आहे हो तुमची लेक. शाळेचं नाव काढणार बघा." चार पालक उभे होते, त्यांच्यासमोर. मला ते कौतुकच वाटलं होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मीही दिलं नाही.

पोटदुखी

सप्टेंबरच्या शेवटी पोटदुखी सुरू झाली. आधी फक्त रविवारी सकाळी, मग शनिवारी रात्रीपासून. आजीनं ओवा दिला, दृष्ट काढली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पुढे सोनोग्राफीही झाली, त्यात काही निघालं नाही. "काही नाही" हा निकाल घरात दोघांनी दोन तऱ्हांनी ऐकला. आईचा जीव भांड्यात पडला. वडिलांना वाटलं, म्हणजे ढोंग आहे.

पोट खरंच दुखत होतं. पुढे जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी मला समजावलं की या वयात भीतीला शब्द सापडत नाहीत, ती शरीरातून बोलते, आणि पोट ही तिची नेहमीची जागा. सोनोग्राफीत न दिसणारं दुखणं खोटं नसतं. हे मला सप्टेंबरात कळलं असतं तर दोन महिने वाचले असते.

माझ्या डोळ्यांसमोर बाकीची लक्षणंही होतीच. डबा तसाच परत जायचा. नखांच्या कडेची कातडी ती सोलायची, बोटांना रक्त यायचं. सराव उत्तरपत्रिकेवर तेव्हा पेन्सिल चालायची, तिची पत्रिका खोडरबरानं जागोजागी विरलेली असायची. मी शेरा लिहिला होता, "टापटीप ठेव."

आणि झोप. सकाळी साडेपाचला उठणं, जादा तास, शाळा, संध्याकाळी सहा ते आठ खासगी क्लास, मग जेवून नवोदयचं पुस्तक. झोपायला अकरा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. तिला साडेसहा मिळत होती.

२२६ चे २६२

वडिलांची त्या रविवारी मुक्कामी गाडी होती. पेपर तपासून झाल्यावर मुलांना गुण सांगितले होते, तिला ३०० पैकी २२६. घरी जाऊन तिनं आईला सांगितलं २६२. आईनं शिरा केला. आईकडे साधा फोन, गटावर वडील होते. रात्री नऊच्या सुमारास मुक्कामाच्या गावी त्यांनी यादी पाहिली. मुलीचं नाव सतराव्या क्रमांकावर. पाचव्या क्रमांकावर त्याच आगारातल्या एका चालकाचा मुलगा होता, आणि तो चालक शेजारीच जेवायला बसला होता.

त्यांनी घरी फोन लावला. ते काय बोलले ते त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "म्हणलं, नापास झाली असतीस तरी चाललं असतं, पण खोटं बोललीस. उद्यापासनं क्लास बंद, शाळा बंद, बस घरी भांडी घासत."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. यादी फलकावर लागायच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन बसली.

ती खोटं का बोलली, याचं उत्तर शोधताना मला १९९८ सालचं एक संशोधन वाचायला मिळालं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी अमेरिकेत नेमकं पाचवीच्याच मुलांवर केलेलं. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच चुकली. त्यानंतर 'हुशार' म्हटलेल्या मुलांची गोडी कमी झाली, पुढच्या सोप्या कोड्यांतही ती घसरली. आणि दुसऱ्या शाळेतल्या, कधी भेटणार नाही अशा मुलासाठी आपले गुण लिहायला सांगितले तेव्हा यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारे खूप कमी होते.

वाचताना मला शाळेचं फाटक आणि ते चार पालक आठवले. मी तिला हुशार म्हटलं, म्हणजे तिच्याकडे सांभाळायला एक वस्तू दिली. २२६ गुणांनी ती वस्तू फुटली, आणि तिनं आकडे उलटे करून ती जोडायचा प्रयत्न केला.

वहीत काय निघालं

त्या आठवड्यात मी तिचे चौदाही रविवारचे पेपर काढले आणि दोन रात्री घेऊन बसले. खरं तर हे काम दर महिन्याला व्हायला हवं होतं.

पहिली गोष्ट. ऑगस्टमध्ये तिला २१८ गुण होते आणि क्रमांक तिसरा. ऑक्टोबरच्या शेवटी २३६ गुण आणि क्रमांक अकरावा. म्हणजे तीन महिन्यांत तिचे १८ गुण वाढले होते! पोरगी पुढे चालली होती. पण बाकीची एकतीस मुलंही चालतच होती, काही तिच्यापेक्षा जोरात. यादीत गुणांपेक्षा क्रमांक मोठ्या अक्षरात असायचा, तो मीच मोठा काढायचे. वाढलेले अठरा गुण तिला कुणीही सांगितले नाहीत. घरी, शाळेत, क्लासमध्ये सगळीकडे एकच बोललं गेलं, 'घसरली'.

हर्बर्ट मार्श या शिक्षण-मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं आहे. छोट्या तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात टाकला की त्याचा आकार तोच राहतो, पण स्वतःबद्दलचा त्याचा समज आक्रसतो. निवडक मुलांच्या शाळेत किंवा तुकडीत गेलेल्या मुलांचं हेच होतं, कारण मूल स्वतःला जगाशी मोजत नाही, शेजारच्या बाकाशी मोजतं. चाळीसांत पहिली असणारी मुलगी चार तुकड्यांच्या निवडक मुलांत अकरावी येणं यात नापासाचं काहीच नाही. हे गणित तिला जुलैतच, तुकडीत घेताना, समजावून द्यायला हवं होतं. पालकांना तर आधी.

दुसरी गोष्ट याहून बारीक होती आणि मला ती जवळजवळ निसटली होती. दिवाळीनंतर आम्ही पेन्सिल बंद करून बॉलपेन सुरू केलं, खऱ्या परीक्षेची सवय म्हणून. त्याच्या आधीच्या पेपरांत तिचा एकही प्रश्न कोरा नव्हता. बॉलपेनच्या पहिल्याच पेपरांत १५० पैकी १३ कोरे. आणि ते शेवटचे तेरा नव्हते, मधले होते, भाषेतले, समानार्थी शब्दांचे, जे तिला झोपेतही येतात. मी त्यांतले सात तिला तोंडी विचारले. सहा बरोबर आले. "मग रंगवलं का नाहीस?" ती बराच वेळ बोटाची कातडी ओढत राहिली आणि म्हणाली, "नक्की नव्हतं, बाई. पेननं केलं की ते तसंच राहतं."

चुकीला गुण वजा नाहीत हे तिला पाठ होतं. तरीही कोरं वर्तुळ तिला चुकीच्या वर्तुळापेक्षा बरं वाटत होतं. कोऱ्या प्रश्नाबद्दल निदान असं म्हणता येतं की मला येत होतं, मी लिहिलं नाही.

सरांचं निदान होतं, वेग कमी पडतोय, अजून पेपर सोडवून घ्या. क्लासचंही तेच. म्हणजे दुखत होतं एकीकडे आणि आम्ही तिघं मिळून मालिश भलतीकडेच करत होतो.

काय केलं

वडील खाकी गणवेशातच आले, ड्यूटी संपवून. मी आधी पेपर समोर ठेवले. २१८ आणि २३६ या दोन आकड्यांवर बोट ठेवून ते गप्प बसले. मग म्हणाले, "हे कुणी सांगितलंच न्हाई आम्हाला. आगारात समदी नंबर इचारत्यात." पुढे थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, माझ्यासारखं रातभर परगावच्या स्टँडवर झोपायची पाळी पोरीवर येऊ नये, एवढंच वाटतंय. दुसरं काय न्हाई."

त्यांना मी दोष देऊ शकले नाही. आजही देत नाही. हुशारीच्या जोरावर वर जायचा एकच जिना त्यांना माहीत होता आणि त्याची पहिली पायरी आम्हीच दाखवली होती.

मी तीन गोष्टी मागितल्या : खासगी क्लास बंद, नवोदय आणि सैनिक स्कूल दोन्ही या वर्षी नाही, आणि साडेनऊला झोप. त्यांनी क्लास सोडला, सैनिक स्कूल सोडलं. नवोदयचा अर्ज भरला होता, तो सोडायला मन झालं नाही. "नुसतं बसून येईल," म्हणाले. मी मान्य केलं. साडेनऊची झोप आईनं मनावर घेतली, शिलाई मशीन आठनंतर बंद ठेवून.

यादीसाठी मुख्याध्यापकांकडे गेले. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांच्या शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक त्रासालाही मनाई करतं. मी म्हटलं, साहेब, दर सोमवारी बत्तिसावं नाव मोठ्या अक्षरात लिहिणं हे कशात बसतं? त्यांना राग आला, पण त्यांनी ऐकून घेतलं. सर म्हणाले, यादी काढली तर चुरस संपेल. आणि त्यांनी एक उदाहरण दिलं ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. त्याच तुकडीत मेंढपाळाचा एक मुलगा होता. वर्षातले काही महिने बाप रानोमाळ, पोरगा मामाकडे. त्या यादीत त्याचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या जागी यायचं आणि तो फलकासमोर उभा राहून ते पुन्हा पुन्हा वाचायचा. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कुठेतरी वर लिहिलं होतं. ती यादी त्याची भाकरी होती.

ठरलं असं की फेब्रुवारीपर्यंत गटावर यादी टाकायची नाही, प्रत्येक पालकाला आपापल्या मुलाचे गुण आणि मागच्या महिन्याचे गुण शेजारी शेजारी पाठवायचे. फलक बंद. मेंढपाळाच्या मुलाला मी दर सोमवारी बाजूला बोलावून त्याचा क्रमांक सांगायचे. ते बरोबर होतं की नाही, मला सांगता येत नाही.

समुपदेशक ताईंकडे ती चार वेळा गेली. शाळेत माझ्याकडे त्यांनी एक काम दिलं होतं : रोज दहा प्रश्न, बॉलपेन, आणि त्यातले तीन मुद्दाम चुकवायचे. येत असलेलं उत्तर सोडून भलतंच वर्तुळ रंगवायचं. पहिल्या दिवशी पहिलं चुकीचं वर्तुळ रंगवायला तिला अकरा मिनिटं लागली. पेन टेकवायची, उचलायची. डोळ्यांतून पाणी. मी काही बोलायचं नाही अशी ताईंची सूचना होती, आणि गप्प बसणं मला फार जड गेलं. शेवटी तिनं रंगवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काहीच झालं नाही. घंटा झाली, आम्ही वर्गात गेलो. दहाव्या-बाराव्या दिवशी ती तीन चुका अर्ध्या मिनिटात उरकायला लागली, आणि कुठलं उत्तर सगळ्यात जास्त चूक आहे यावर माझ्याशी वाद घालू लागली.

पुढे

डिसेंबरमध्ये गुण आणखी उतरले, एकदा १९८ पर्यंत. क्लास सुटल्यामुळे उतरले, असं तिचे काका म्हणाले, आणि त्या आठवड्यात वडील डळमळले होते. आई ठाम राहिली, कारण त्याच आठवड्यात डबा पहिल्यांदा रिकामा आला होता.

नवोदयला निवड झाली नाही. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा झाली, तिला २१४ गुण मिळाले. पात्र झाली, यादीत आली नाही. ऑगस्टमधल्या तिच्या पहिल्या सराव पेपरपेक्षाही ते चार गुण कमीच. पण १५० पैकी एकही वर्तुळ कोरं नव्हतं, हे तिनं केंद्राबाहेर येताच मला सांगितलं. मेंढपाळाचा मुलगा यादीत आला, त्याला आता शिष्यवृत्ती मिळते. या दोन्ही गोष्टी एकाच तुकडीत घडल्या.

पोटदुखी जानेवारीअखेर थांबली. बोटं उन्हाळ्यापर्यंत बरी झाली. सहावीत तिला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेबद्दल विचारलं, कारण तिथं प्रयोग आणि प्रकल्पही असतात, तिच्या स्वभावाला ते जुळलं असतं. तिनं मान हलवून नको म्हटलं. मला वाईट वाटलं. अशा किती 'नको' आमच्यामुळे आहेत, हे मोजायला माझ्याकडे वही नाही. तिच्या नकाराचा मान ठेवला, एवढंच.

पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपवरची यादी परत आली. पालकांनीच मागितली. फलकावरची यादी मी लिहायला नकार दिला, ती आता संगणकावर छापून लागते.

२०२५ मध्ये शासनानं ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे तुकडीतली मुलं आता नऊ वर्षांची असतील. निवडचाचणीचा पेपर काढायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन अटी घातल्या : निवड झालेल्या मुलांच्या पालकांची बैठक तुकडी सुरू व्हायच्या आधी होईल आणि तिथे मी २१८ आणि २३६ चं गणित फळ्यावर मांडेन, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका, नुसते गुण नव्हे, वर्गशिक्षक स्वतः पाहतील. पहिली मान्य झाली. दुसरीबद्दल 'बघू' म्हणाले.

पेपरात आरशातल्या घड्याळावर दोन प्रश्न असतात. मी तिसरा घातला आहे, त्याला चार पर्याय नाहीत : आरशात सेकंदकाटा उलटा फिरतो, मग आरशातली वेळ मागे जाते का? तुला काय वाटतं ते लिही. सरांनी वाचून विचारलं, "हा तपासायचा कसा?" ते दोघांनी बसून ठरवायचं आहे.